दोन आड दोन फळ्या

खांब १

घराच्या डाव्या कोपऱ्याशी. दोन फुटांवर पाणी लागलं. माझ्या गड्याने, एव्हेलिओने फावडं टेकवलं आणि विचारलं, मालक, कुंपण घालायचंय की विहीर खणायचीय. मी म्हटलं, चार फूट. त्याने आईवरून एक शिवी दिली, माझ्या आईवरून नव्हे, मातीच्या, आणि चार फूट खणलं.

आमच्याकडची माती काळी, चिकट. फावडं तिच्यात शिरतं पण बाहेर यायला तयार नसतं. बाकीचे ठेकेदार पाणी दिसलं की थांबतात आणि खांब उंच राहिला तर खालून कापतात. खालचं टोक कारखान्यातून औषध पिऊन आलेलं असतं. ते कापलं की कोरं लाकूड चिखलात जातं आणि चार उन्हाळ्यांत त्याचा भुसा होतो. मग एक दिवस वादळ येतं आणि कुंपण दारासारखं आडवं पडतं. कापलेलं टोक आभाळाकडे, हे मला माझ्या बापाने शिकवलं. दुसरं फारसं काही शिकवलं नाही.

कुंपण ओव्हिड लिरेट यांचं. ते माझे पारँ, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी ज्यांनी मला हातांवर घेतलं ते. त्यांची बायको एर्लीन माझी नानाँ. पारँनी चाळीस वर्षं कोळंबीची बोट चालवली. बोट विकून नऊ वर्षं झाली होती, आणि गेली दोन वर्षं नानाँ रोज दुपारी, बोट यायच्या वेळेला, धक्क्यावर जायला निघत होती.

मागच्या अंगणापासून कालवा वीस पावलांवर. एकदा ती धक्क्यापर्यंत पोचली. दुसऱ्यांदा गुडघाभर पाण्यात सापडली, चपला हातात. तेव्हा त्यांची मुलगी जोनेल बॅटन रूजहून आली आणि म्हणाली, पुन्हा एकदा असं झालं की आईला मी नेणार, सगळं विसरलेल्या माणसांना सांभाळतात तिथे ठेवणार. पारँ भांडले नाहीत. त्यांनी मला फोन केला. म्हणाले, "कुंपण घाल. ती घरात राहील असं."

खांब २ ते ६

काही नाही. खड्डा, खडी, खांब, काँक्रीट, लेव्हल. काँक्रीटचा माथा जमिनीच्या दोन बोटं वर आणि चारी बाजूंनी उतरता, म्हणजे पाणी खांबाच्या पायाशी बसत नाही. ऊन असं की घाम वाळतच नाही, नुसता जागा बदलतो.

खांब ७

इथे पारँचं आणि माझं वाजलं.

मी म्हटलं, फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवू या. या गावात बंद कुंपण म्हणजे शीड. मागच्या वादळात रस्त्यालगतची सगळी बंद कुंपणं झोपली, फटीची तेवढी उभी राहिली. पारँ बादली उलटी करून त्यावर बसले होते. म्हणाले, फटीतून तिला पाणी दिसेल. पाणी दिसलं की बोट आठवेल. बोट आठवली की ती दिवसभर फळ्या ठोकत बसेल. मी म्हटलं, आणि कुंपण पडलं तर? ते म्हणाले, "ते तुझं काम. माझं काम ती."

मग हळूच म्हणाले, तुझे हात पाद्र्यासारखे मऊ आहेत, तुझ्या बापाने एव्हाना दहा खांब उभे केले असते.

खांब ८, कोपऱ्याचा

म्हणून मी तो उपाय काढला. एकट्याने काढला, आणि त्याचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो.

फळ्या सायप्रसच्या. हे लाकूड दलदलीतच वाढतं, ओलीला भीत नाही. एकीची कड दुसरीवर अर्धा इंच चढवायची, म्हणजे लाकूड सुकलं तरी फट पडत नाही. दोन फळ्या खिळ्यांनी पक्क्या. पुढच्या दोन फक्त गंज न धरणाऱ्या स्क्रूने, पक्क्यांच्या वर कड चढवून बसवलेल्या. पुन्हा दोन पक्क्या, पुन्हा दोन स्क्रूच्या. एरवी भिंत. वादळाच्या आदल्या दिवशी ड्रिल घ्यायचं, स्क्रूच्या फळ्या काढायच्या, रचून घरात ठेवायच्या. वारा आरपार जातो. वादळ गेलं की परत लावायच्या. प्रत्येक फळीच्या मागे पेन्सिलीने आकडा.

पारँनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, तुझ्या बापाला हे सुचलं नसतं.

आणखी एक गोष्ट उलटी केली. आमच्याकडे कुंपणाची चांगली बाजू शेजाऱ्याकडे असते. आडवे वासे आपल्या अंगणात दिसतात. ती रीत आहे, मोडली की शेजारी बोलत नाहीत. पण आडवे वासे म्हणजे शिडी. म्हणून मी वासे बाहेर टाकले आणि आत सपाट फळ्या. उजवीकडचा शेजारी येऊन बघून गेला आणि म्हणाला, लिरेट, आम्ही तुझं काय वाकडं केलं होतं. पारँ म्हणाले, नुकसान झालं असेल तर बिल पाठव.

खांब १२

कालव्याच्या बाजूचा, बरोबर मधला. नानाँ जवळ येऊन उभी राहिली. गेल्या वर्षभरात ती इतकी वाळली होती की झगा तिच्या अंगावर नव्हे, खुंटीवर अडकवल्यासारखा दिसे. ती मला माझ्या बापाच्या नावाने हाक मारायची.

"एल्फेज, हे कुणाचं कुंपण रे?"

"तुमचंच, नानाँ."

"माझं?"

"हो."

"मग मी आत कशी?"

आम्ही बोलत होतो ती आमची जुनी भाषा एव्हेलिओला येत नाही, तरी तो हसला. तीही हसली. मग तिने खांबावर हात ठेवला आणि म्हणाली, पक्कं लाव हं, इथे चोर फार आहेत.

खांब १३ ते २२

काही नाही. एका खड्ड्यात पाणसाप निघाला.

खांब २३

घराचा उजवा कोपरा. शेजारी कुलपाचं फाटक. तेवीस खांब, आणि दर दोन खांबांमध्ये एक असे बावीस गाळे.

संध्याकाळी आम्ही मागच्या ओट्यावर बसून तळलेली कोळंबी खाल्ली. अंगणात वारा नव्हता. चारी बाजूंनी बंद झाल्यावर ते अंगण भट्टीसारखं तापलं होतं, आणि पुढेही तसंच तापत राहिलं. पण नानाँ मागच्या दाराने हवी तेव्हा बाहेर यायची, फळ्यांच्या कडेकडेने फिरायची, वेलावरचे वाल तोडायची आणि परत यायची. कुणी तिला धरून ठेवत नव्हतं. पारँनी दोन वर्षांत पहिल्यांदा दुपारी डोळा मिटला. चौदा महिने असं चाललं. जोनेल यायची, कुंपणाला हात लावून बघायची आणि परत जायची.

फोन

चौदा महिन्यांनी वादळ निघालं. तोवर गावात माझी एकोणीस कुंपणं झाली होती, सगळी दोन आड दोन. सगळ्यांना मीच शब्द दिला होता की उघडायला येईन. पारँना सांगितलं होतं, बुधवारी सकाळी. वादळ गुरुवारी पहाटे येणार होतं.

बुधवारी सकाळी सहा कुंपणं राहिली होती. मी पारँना फोन केला. दुपार होईल म्हणालो. ते म्हणाले, मी मेलेलो नाही अजून, ड्रिल आहे माझ्याकडे. मग मी त्यांना जे सांगितलं ते असं:

खांब एकपासून सुरू करा.

ओळीने जा, म्हणजे चुकणार नाही.

स्क्रू डब्यात टाका, खिशात नको.

सगळे गाळे उघडा. एकही बंद ठेवू नका. एक बंद राहिला तर सगळा वारा त्याच्यावर येतो, तो गाळा जातो आणि शेजारच्या दोघांना घेऊन जातो.

कालव्याची बाजू आधी उघडलीत तरी चालेल, वारा तिकडूनच येणार.

यातलं एकही वाक्य चूक नाही. आजही मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. फक्त नानाँ कुठे आहे हे मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. आम्ही दोघं कुंपणाबद्दल बोलत होतो.

बुधवार

त्या दुपारचं मला जे कळलंय तेही दोन आड दोन आहे.

ठाऊक आहे: पारँनी एक वाजेपर्यंत बावीस गाळे उघडले. वय अठ्ठ्याहत्तर. फळ्या आकड्यांप्रमाणे रचल्या.

ठाऊक आहे: मग ते ओट्यावर नानाँच्या शेजारी बसले. ती मांडीवर भांडं घेऊन वाल सोलत होती. चौदा महिन्यांत पहिल्यांदा अंगणात वारा आला. थंड, कालव्यावरून. त्यांना झोप लागली.

ठाऊक नाही: तिला पाणी आधी दिसलं की वास आधी आला.

ठाऊक नाही: तिने त्यांना हाक मारली का. मारली असेल तर कुठल्या नावाने.

ठाऊक आहे: दोन फळ्या काढल्या की वीत आणि दोन बोटांची वाट होते. कुणी धडधाकट माणूस तिच्यातून जाणार नाही. खालचा वासा ओलांडायचा, मधल्या वाशाखालून वाकायचं, कुशीवर होऊन निघायचं. बाराव्या खांबाजवळच्या वाशाला तिच्या बाहीची चिंधी होती.

ठाऊक आहे: पलीकडे पाय टेकताना ती पडली. खुबा मोडला. ती खांबाच्या पायाशी, दोन पक्क्या फळ्यांच्या आड, चिखलात पडून राहिली.

ठाऊक नाही: ती ओरडली का.

ठाऊक नाही: किती वेळ.

साडेचारला एक खेकडेवाला वादळाआधी आपले पिंजरे गोळा करत होडीने कालव्यातून चालला होता. त्याला किनाऱ्यावर एक निळा झगा दिसला.

आता मधलं, जे फक्त मला ठाऊक होतं.

अडीच वाजता मी आलो. फाटकाची किल्ली माझ्याकडे होती. पारँ ओट्यावर खुर्चीत झोपले होते, तोंड उघडं, ड्रिल मांडीवर. शेजारची खुर्ची रिकामी, तिच्यावर वालाचं भांडं. मला वाटलं, नानाँ आत गेली असेल. पारँना उठवलं नाही. बिचारे दमलेत म्हटलं. मी अंगणाला फेरी घातली. प्रत्येक गाळा मोजला. एकही फळी विसरली नव्हती. मला त्यांचा अभिमान वाटला. बाराव्या खांबापाशी थांबलो, दोन्ही हातांनी तो धरला आणि जोर लावून हलवला. हलला नाही. पलीकडे गवतात काहीतरी सळसळलं. मला वाटलं, बगळा असेल.

मी पुढच्या कुंपणाकडे गेलो. मला अजून दोन उघडायची होती.

गुरुवार

नानाँला जवळच्या रुग्णालयात नेलं, पण ते रिकामं करत होते. तिला गाडीतून उत्तरेला पाठवलं, तीन तासांवर. पारँ गाडीत तिच्या पायाशी बसून गेले. वादळ ठरल्या वेळेला आलं.

शुक्रवारी मी गावातून फिरलो. सतरा छपरं गेली. पाद्र्याच्या घराचं बंद कुंपण रस्त्यात आडवं पडलं होतं, माणसं त्याच्यावरून गाड्या नेत होती. माझी एकोणीसच्या एकोणीस उभी होती. पारँचं तर असं उभं होतं, जसं काही कुणी आत्ताच लेव्हल लावून गेलंय.

त्या आठवड्यात मला एकतीस जणांनी फोन केला. सगळ्यांना लिरेटसारखं कुंपण हवं होतं.

रविवार

पारँ अकरा दिवसांनी परत आले, एकटे. नानाँच्या खुब्यात खिळा घातला होता. ती पलंगावर होती, उठत नव्हती, पण जेवत होती आणि नर्सना चोर म्हणत होती. जोनेल तिच्याजवळ खोली घेऊन राहिली होती. तिने सांगून टाकलं होतं की आई आता तिकडेच राहणार. पारँनी स्वतःच्या हाताने कुंपण उघडलं आणि स्वतः झोपले. अशा माणसाच्या भरवशावर ती आईला सोडणार नव्हती.

पारँनी मला बोलावलं. कॉफी केली. म्हणाले, रविवारी जोनेल येतेय. तू ये, आणि तिला सांग की फळ्या तू काढायला सांगितल्या. बास, एवढंच. ते खरंच आहे ना?

"खरंच आहे," मी म्हटलं.

"तिला वाटतं माझंही डोकं गेलंय. गेलेलं नाही. मला सांगितलं ते मी केलं. हे तिला कळलं तर ती एर्लीनला आणेल. पाय बरा झाला की आणेल." मग म्हणाले, "तुझ्यावर ओरडेल. ओरडू दे. तुझी कातडी जाड आहे."

मी हो म्हटलं. मला ओरडून घ्यायचंच होतं.

जोनेल आणि मी एकाच शाळेत, एकाच बसमध्ये होतो. ती ओट्यावर बसली, नानाँच्या खुर्चीत नव्हे, पायरीवर. ती वाळली होती. मी सगळं सांगितलं: दोन आड दोन कशासाठी, वारा कसा येतो, फोनवर मी काय काय बोललो. सगळे गाळे मी म्हणालो. कालव्याची बाजूही मीच म्हणालो. पारँनी माझ्यावर विश्वास ठेवला.

ती ओरडली नाही. तिने बापाकडे पाहिलं.

"हे मला का नाही सांगितलंत, पप्पा?"

"तू विचारलंस कुठे."

ती हसली, जरासं. म्हणाली, तुम्ही दोघं म्हणजे कमाल आहात. मग बोलू लागली की डॉक्टर म्हणतात आई नाताळपर्यंत बसायला लागेल. बसायला लागली तर पुढचं बघता येईल. दिवसा एखादी बाई ठेवता येईल. तिने 'घरी' हा शब्द वापरला नाही, पण पारँनी आपल्या टोपीची कड दोन्ही हातांनी धरली, आणि मला कळलं की त्यांना तो ऐकू आला.

मग ती माझ्याकडे वळली. रागाने नव्हे. सहज.

"पण तूच येणार होतास ना त्या दिवशी? पप्पा म्हणाले होते, फॅरेल दुपारी येतोय."

"हो."

"मग? आला नाहीस?"

पारँ माझ्याकडे बघत होते. त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, मी कुठेतरी अडकलो असेन. नाही म्हणायला अर्धा क्षण पुरला असता. नाही हा शब्द माझ्या तोंडात तयारही होता.

"आलो होतो," मी म्हटलं. "अडीचला."

"म्हणजे अडीचला आई बाहेरच असणार."

"हो."

"तू कुठे होतास?"

मी बोट दाखवलं. कालव्याच्या बाजूला, मधला खांब. तिथून ओटा दिसतो, ओट्यावरून तो खांब दिसतो. तिने तिकडे पाहिलं, मग त्या खांबाच्या पलीकडे पाहिलं. फळ्या अजून काढलेल्याच होत्या, पलीकडचं गवत दिसत होतं.

"काय करत होतास तिथे?"

"खांब हलवून बघत होतो. पक्का आहे का."

मी सांगू लागलो की पारँ दमले होते, त्यांनी एकट्याने बावीस गाळे, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, चूक माझी आहे. तिने हाताने मला थांबवलं.

"दोन तास, फॅरेल," ती म्हणाली. "एक माणूस झोपलेला होता आणि एक जागा होता. आणि दोघांपैकी कुणाला आईची आठवण झाली नाही."

मी त्यांच्यासाठी जे मिळवलं होतं ते सगळं एका उत्तरात परत घेतलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. पारँनाही कळलं. ते माझ्यावर ओरडतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, उठले आणि आत गेले.

जोनेल खालच्या आवाजात म्हणाली, तिकडे थंडी लवकर पडते, आईचे लोकरीचे कपडे हवेत, म्हणून मी आले होते. मी म्हटलं, हं. आतून कपाटाची दारं उघडल्याचा, खण ओढल्याचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता, लोकरीच्या कपड्यांना लागेल त्याहून जास्त वेळ. जोनेलने एकदा हाक मारली, पप्पा, मिळालं का. आणखी एक खण ओढल्याचा आवाज आला.

ते बाहेर आले तेव्हा दोन्ही हातांत एकेक बॅग होती. निळी नानाँची, मला ठाऊक होती. दुसरी तपकिरी, दोरीने बांधलेली, पारँ बोटीवर न्यायचे ती.

जोनेल उभी राहिली. "पप्पा, ही कुणाची?"

त्यांनी दाराला कुलूप लावलं. दोनदा ओढून बघितलं. मी तपकिरी बॅग घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती मला दिली, माझ्याकडे न बघता, जशी स्टेशनवर हमालाला देतात तशी, आणि मुलीच्या गाडीकडे चालू लागले.